संकष्टीची बॅटरी

“ताय, दर संकष्टीला ही चार्जिंगला लाव. तुझी संकष्ट काय चुकायची नाय, म्हंजे हिचं चार्जिंगपण चुकायचं नाय. नि जरा हातात घेऊन चालवत जा गो. नुसती ठेवू नको.”

नऊ वर्षं झाली या बोलण्याला. पेणजवळच्या जोहे गावच्या एसटी थांब्यावर जितेश हे म्हणाला होता. खांद्याला मस्कतला न्यायची बॅग होती, आणि ड्रिल मशीनची निळी पेटी त्याने नुकतीच ताईच्या हातात दिली होती. रोहिणीला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता. आरतीत एखादी ओळ मागेपुढे झाली तर ती गालावर हलकेच चापट मारून घेई नि पुढे म्हणे. या बोलण्यात मात्र तिने कधी काना-मात्रा हलू दिली नाही.

म्हणूनच आज आषाढातल्या संकष्टीला ती देवघरापुढे बसली होती, पण तिचं लक्ष गणपतीकडे नव्हतं. ते शेजारच्या स्टुलावरच्या चार्जरकडे होतं. एरवी बॅटरी त्यात सरकवली की लाल दिवा लागायचा आणि तासाभराने हिरवा व्हायचा. हिरवा झाला की ती बॅटरी काढून मऊ फडक्यात गुंडाळायची, पेटीत ठेवायची आणि मग मोदकांचं आधण ठेवायची. आज लाल दिवा नुसता लुकलुकत होता. लागायचा, विझायचा. डोळ्यात कुसळ गेलेल्या माणसासारखा.

तिने बॅटरी काढून पदराने पुसली आणि परत बसवली. पुन्हा तेच. चार्जर दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिला, तरी तेच.

“काय गो, देवाशी भांडतेस का काय?” शेजारच्या बायजाबाई दारातून आत आल्या. देवळाच्या पायऱ्यांवर घसरल्यापासून उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली आणि तो हात छातीशी धरलेला.

“बॅटरी चार्ज व्हत नाय काकी. जितूची.”

“मंग जितूला सांग.”

“तो गणपतीला येणार हाय ना. आल्यावर मशीन हातात घेईल नि चालली नाय तर?”

“तर काय परत इमानात बसंल?” बायजाबाई खाली टेकल्या. “मशीन बगायला येतो का भैनीला बगायला येतो?”

रोहिणी हसली, पण ते हसू गालावर टिकलं नाही. मशीन चालायला हवी होती, आणि ती का चालायला हवी होती हे बायजाबाईंच्या मनगटालाही ठाऊक होतं.

गावामागच्या टेकडीवर गावदेवीचं देऊळ होतं. पायऱ्या चव्वेचाळीस, दगडी आणि उंच. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरलं की म्हाताऱ्या बायका बसून बसून उतरायच्या. जितेश मस्कतला जाण्याआधी पेणमध्ये सरकत्या खिडक्या बसवायच्या कामाला होता. त्याने मनावर घेतलं आणि पायऱ्यांच्या कडेने सिमेंटमध्ये अकरा लोखंडी खांब रोवले. प्रत्येकावर पट्टी आधीच पेणला वेल्ड करून आणली होती आणि वरच्या कठड्यासाठी पाच-पाच फुटांचे दहा पाइप कापून ठेवले. आता फक्त ते पाइप पट्ट्यांवर स्क्रूने बसवायचे राहिले होते. टेकडीवर वीज नव्हती, विजेचा खांब पायथ्यालाच थांबला होता. म्हणून पहिला पगार साठवून त्याने ही बिनवायरची मशीन आणली होती, मुठीखाली बॅटरी सरकवून चालणारी. ती आणली आणि आठच दिवसांत मस्कतचा व्हिसा आला.

“आल्यावर लावतो,” तो म्हणाला होता. “वर्षाभराचा तर प्रश्न हाय.”

त्या साली नवरात्रात बायकांनी रिकाम्या खांबांवरून रोहिणीला छेडलं, तेव्हा ती देवीच्या दारात बोलून गेली होती. “माझा जितू येईल नि लावील. त्याला नाय जमलं तर मी लावीन.” बायका पोट धरून हसल्या होत्या. रोहिणीही हसली होती. पण देवीपुढे बोललेलं होतं ते.

पुढच्या नऊ वर्षांत जितेश एकदाच आला, चार दिवसांसाठी आणि तोही ठाण्याला, स्वतःच्या लग्नाला. मुलीकडची मंडळी तिथली होती. रोहिणी कार्यालयात जाऊन अक्षता टाकून आली. मग त्याने बायकोला तिकडे नेलं, मुलगा झाला, मुलगा शाळेत जाऊ लागला. हे सगळं तिला फोनच्या काचेतून दिसत राहिलं. इकडे पाइप पडवीत आडवे होते. दर उन्हाळ्यात ती त्यांना आणि टेकडीवरच्या खांबांना तांबडा रंग द्यायची, म्हणजे गंज धरायचा नाही. आणि दर संकष्टीला बॅटरी. लॉकडाऊनमध्ये, वादळात चार दिवस वीज गेली तेव्हा ती कामाला होती त्या गणपतीच्या कारखान्याच्या जनरेटरवर, ताप असताना. मधले अधिक महिने धरून शंभरावर संकष्ट्या झाल्या, एकही चुकली नाही.

मात्र जितेशच्या सांगण्यातला दुसरा भाग तिने पाळला नव्हता. मशीन तिने एकदाही चालवली नाही. भावाची वस्तू, ती त्याच्या हातून जशी ठेवली गेली तशीच त्याच्या हातात जावी असं तिला वाटे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ती पेटी उघडायची, मशीनला फूल वाहायची, बॅटरीच्या टोपणावर कुंकवाचं एक बोट टेकवायची आणि पेटी मिटायची.

“उद्या पेणला जाऊन येते,” ती बायजाबाईंना म्हणाली.

“जा. पन आदी ऊठ, मोदक कर. तुझ्या देवाला त्या बॅटरीपायी उपाशी ठेवू नको.”

*

पेणच्या बाजारात कमळाकरशेठचं हार्डवेअरचं दुकान होतं. जोह्याचे सगळे कारखाने त्याच्याकडूनच पॉलिश पेपर नि ब्रश नेत, त्यामुळे रोहिणी तिथे ओळखीची होती. पंचवीस वर्षं ती एकाच कारखान्यात गणपती घासत होती. साच्यातून निघालेल्या मूर्तीचा खडबडीतपणा पॉलिश पेपरने घालवायचा, बोटांच्या बेचक्या आणि कानाच्या पाळ्या साफ करायच्या. पुढे रंगारी यायचा आणि लोक रंगाऱ्याचं नाव घ्यायचे.

कमळाकरशेठने बॅटरी उलटसुलट पाहिली.

“रोहिणीताई, ही कुठून काढलीत? वस्तुसंग्रहालयातून?”

“हिच्यासारखी दुसरी द्या ना.”

“ही आता कंपनी करत नाही. खाचच बदलली त्यांनी. नवी बॅटरी या मशीनला बसायची नाही नि ही नव्या मशीनला नाही.” त्याने मागच्या फळीवरून एक चकचकीत पेटी काढली. “हे बघा. मशीन एक, बॅटऱ्या दोन, वर्षाची गॅरंटी. जुनी एक बॅटरी शोधून आणायची म्हटलं, आणि मिळाली, तरी याच्या निम्म्याहून जास्त जाईल. मग नवीन काय वाईट?”

त्याचं खोटं नव्हतं. पेटीतली मशीन दिसायला देखणी होती आणि हलकीही. रोहिणीने ती हातात घेऊन पाहिली आणि खाली ठेवली.

“ही चांगली हाय शेठ. पन ती त्याची हाय.”

“कोणाची?”

“जितूची. तो येणार हाय गणपतीला.”

कमळाकरशेठने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. जितू येणार, हे तो गल्ल्यामागे बसून गेली काही वर्षं ऐकत होता. त्याने नवी पेटी परत फळीवर ठेवली.

“रोह्याला जाल का? एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत प्रणित म्हणून एक आहे. बॅटऱ्या फोडतो नि आतले सेल बदलून देतो. धाटावच्या कंपनीत होता, शिफ्टला कंटाळून स्वतःचं टाकलंय. जिभेला तिखट आहे, पण हाताने खोटा नाही.”

*

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुट्टी काढून ती रोह्याला गेली. अर्ध्या तिकिटात, खिडकीपाशी, मांडीवर निळी पेटी. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. शेजारच्या बाईने विचारलं, “शिलाई मशीन का गो?” रोहिणी नुसतीच “व्हय” म्हणाली. खरं सांगायला गेलं तर ते रोह्यापर्यंतही संपलं नसतं.

प्रणितचं दुकान म्हणजे एका पानवाल्याची जुनी टपरी, तिला शटर लावलेलं. आत स्कूटरच्या, फवारणी पंपांच्या, इन्व्हर्टरच्या पोटं उघडलेल्या बॅटऱ्या. चाळिशीचा माणूस, कपाळाला भिंग लावलेलं, तोंडात लवंग.

त्याने चार स्क्रू काढून टोपण उचललं, तशी रोहिणी पुढे वाकली. आत बोटभर जाडीच्या दहा नळकांड्या, पाच-पाचच्या दोन रांगांत, पत्र्याच्या पट्टीने एकमेकींना बांधलेल्या. बॅटरीचं आतलं ती पहिल्यांदाच पाहत होती. आपण कुणाचं तरी कपाट न विचारता उघडलंय, असं तिला वाटलं.

प्रणितने मीटरची टोकं एकेकीला लावली.

“ही मेलेली. ही मेलेली. ही जिवंत हाय, पण नावाला. ही मेलेली.” त्याने मीटर बाजूला ठेवलं. “कामाला कशी लावायचात हिला? रोज?”

“कामाला नाय लावली.”

“म्हंजे?”

“ठेवली व्हती. पन चार्ज केली दर महिन्याला. एक संकष्ट चुकली नाय.”

“नि चालवली किती?”

रोहिणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “एकदापन नाय.”

प्रणितने कपाळावरचं भिंग वर सारलं. तो काहीतरी लागट बोलणार होता हे त्याच्या ओठांवर दिसत होतं. पण या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने लवंग या गालातून त्या गालात नेली.

“ताई, तुम्ही हिला नऊ वर्षं पोटभर जेवायला घातलंत नि बसवून ठेवलंत. या आपल्या दमट गरमीत भरल्या पोटी बसून राहिली की ही जात आतल्या आत झिजते. बाहेरून काय कळत नाय. दिवा हिरवाच लागतो.”

“म्हंजे माझ्यामुळं मेली?”

“तसं नाय म्हणत मी. वापरली असती तरी आज म्हातारीच असती. फक्त काम करून म्हातारी झाली असती.” बोलून झाल्यावर त्यालाच ते जड वाटलं असावं. त्याने झटकन मशीन उचलली, टोक धरणारा पुढचा चक फिरवून पाहिला, कानाशी नेली. “पण मशीन! मोटर कोरी हाय ताई. गिअर एकदापण फिरलेला नाय. वास बघा, अजून कारखान्याचा येतो. हे टाकून नवीन घ्या म्हणणारा माणूस करंटा. नवीन घ्यायचं तर रोज काम करणाऱ्यानं घ्यावं, त्याला दोन बॅटऱ्या लागतात. तुमच्या या मशीनला फक्त दम पायजे, दम मी भरतो.”

“तीन मेल्यात म्हनलास ना? मंग तीनच बदल. बाकीच्या राहू दे.”

“नाय चालत. एक जुनी राहिली तर ती नव्या नऊ जणींना खाली ओढते. दहाच्या दहा बदलायच्या.”

“एकपन नाय राहायची?”

“एकपण नाय.”

गल्लीतून एक एसटी कर्णा वाजवत गेली. शेवटी रोहिणीने मान हलवली. “बरं. पन टोपणावरचं कुंकू पुसू नको.”

प्रणितने टोपण पाहिलं. कोपऱ्यात लाल डाग होता, वर्षानुवर्षं एकावर एक बसून जाड झालेला. त्याने त्यावर कागदी पट्टी चिकटवली, कामात हात लागू नये म्हणून.

दोन तास लागले. समोरच्या बाकड्यावर बसून ती पाहत राहिली. नव्या नळकांड्या मांडल्या गेल्या, छोट्या यंत्राने पट्ट्या टिक, टिक करत चिकटवल्या गेल्या. जुन्या दहा त्याने वेगळ्या डब्यात टाकल्या. तिने त्या मागितल्या, तेव्हा मात्र तो ठाम होता. “घरात ठेवायच्या नायत ताई, पेट घेतात. काही गोष्टी जपायच्या नसतात.”

मग त्याने कागदी पट्टी काढली, बॅटरी मशीनच्या मुठीखाली सरकवली आणि मशीन तिच्यापुढे धरली.

“दाबा.”

“नको रे. माझा भाऊ येणार हाय. तोच...”

“भाऊ येईल तेव्हा येईल. गिऱ्हाइकानं स्वतः चालवून बघितल्याशिवाय मी माल देत नाय. दुकानाचा नेम हाय.”

नेम म्हटल्यावर तिने मशीन घेतली. ती वाटली होती त्याहून जड होती, आणि मूठ मात्र हातात नेमकी बसत होती. तिने डोळे मिटून बोट आवळलं. मशीन घुर्रकन फिरली, हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या आणि तिने दचकून बोट सोडलं.

“डोळे उघडे ठेवून, ताई. देव नाय तो.”

त्याने पुढे लाकडाचा तुकडा धरला, एक स्क्रू टेकवून दिला. दुसऱ्यांदा तिने नीट दाबलं. स्क्रू गोल गोल फिरत खाली गेला, डोकं लाकडात बुडालं. तिने दुसरा मागितला. मग तिसरा. मग प्रणितने एक जुना पाइप नि पत्र्याची पट्टी काढली आणि लोखंडात स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू दाखवले. हात सरळ ठेवायचा, अंगाचं वजन मशीनच्या मागे द्यायचं, घसरलं की उलटं फिरवून काढायचं. ती मूर्तीच्या कानाची पाळी घासताना जशी जिभेचं टोक ओठांत धरायची, तसंच तिने आताही धरलं होतं.

“थांबा, थांबा,” प्रणित म्हणाला. “पाइप संपला. माझ्या शटरला नका घालू.”

रोहिणी हसली. मोठ्याने, मान मागे टाकून. शेजारचा पानवाला वाकून पाहू लागला तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला.

ती निघाली तेव्हा त्याने स्क्रूंची एक पुडी पेटीत टाकली. “दर संकष्टीला चार्जिंग करता ना? करा. पण चालवत जा. नुसती ठेवू नका.”

ती पायरीवरच थबकली. पण त्याने भिंग खाली ओढून दुसरी बॅटरी उघडली होती.

*

गणपतीला वीस दिवस राहिले असताना जितेशचा फोन आला. कारखान्यात बसायला जागा नव्हती. रंगून झालेले गणपती फळ्यांवर दाटीवाटीने उभे होते आणि रोहिणी मऊ ब्रशने त्यांच्यावरची धूळ काढत होती. तिने फोन एका मोठ्या मूर्तीच्या पायाशी टेकवून ठेवला. काचेत जितेशचा चेहरा आला, दाढीत दोन पांढरे केस. तिच्या मनात आलं, याच्या दाढीतले केस पांढरे होताना मी पाहिलेच नाहीत.

“ताय, कसं सांगू गो. नाय जमत या खेपेला. पोराची परीक्षा लागलीय, नि रजापन पंधराच दिवसांची देतात. पुढल्या साली नक्की.”

“बरं.”

“रागावलीस?”

“नाय रे. पोर अभ्यास करतो ना? बास.”

“घरचा गणपती कोन आननार?”

“हर्षद आनील शेजारचा. आनतोच ना दरवर्षी. पाट धुवून दिलाय कारखान्यात.”

मागे मुलगा काहीतरी ओरडला, जितेशने मान वळवून त्याला हिंदीत गप्प केलं. रोहिणी ब्रश हातात धरून थांबली.

“जितू, तुझी मशीन...”

“कसली मशीन?”

“ड्रिल. निळ्या पेटीतली.”

“ती?” तो मनापासून हसला. “अजून हाय ती? ताय, तू पन ना! टाकून दे भंगारात. तिची बॅटरीपन मिळत नाय आता. मी येताना इकडची आनतो, दोन बॅटऱ्यांवाली, बघत राहशील.”

“तू म्हनला व्हतास, दर संकष्टीला चार्जिंगला लाव.”

“मी?” जितेशच्या कपाळाला आठी पडली. तो खरंच आठवत होता. त्याने वर पाहिलं, डोकं खाजवलं. “कवा गो?”

रोहिणीने समोरच्या गणपतीच्या सोंडेवरून ब्रश फिरवला. वरून खाली, एकदा. धूळ नव्हतीच तिथे.

“म्हनला असशील कवातरी,” ती म्हणाली. “जेवलास का?”

फोन बंद झाल्यावर बाजूला बसलेल्या अपेक्षाने विचारलं, “काय म्हनतोय भाऊ, येतोय ना?” ही कारखान्यात नवीनच लागलेली मुलगी. रोहिणीने फळीवरचा पुढचा गणपती अलगद जवळ ओढला.

“पुढल्या साली,” ती म्हणाली, आणि कानामागची धूळ काढू लागली.

*

देवळात सांजवात लावायचा तिचा रोजचा परिपाठ होता. दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा एका हातात तेलाची बुधली होती आणि खांद्यावर एक पाइप. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

“काय गो, काठी टेकायला लागलीस का?” बायजाबाईंनी अंगणातून विचारलं.

“आधाराला घेते काकी.”

“येवढी लांब काठी? कोनाच्या आधाराला?”

रोहिणी हसून पुढे गेली. वर पोचल्यावर तिने पाइप देवळाच्या मागच्या भिंतीशी ठेवला, दिवा लावला, क्षणभर टेकली. तिथून खाली हिरवी भातशेती दिसे, आणि पलीकडे दूर, आभाळ मोकळं असलं तर, धरमतरच्या खाडीचा चकचकीत पट्टा. लहानपणी जितूला कडेवर घेऊन ती इथे बसायची. आई अंथरुणाला खिळलेली, तो तीन वर्षांचा नि ती बारा-तेराची. खाडीतल्या मालवाहू बार्जकडे बोट दाखवून तो विचारायचा, “ताय, ती व्हडी कुठं जाते?” ती म्हणायची, “लांब.” “मंग परत येते?” “येते ना.” पुढे आईचं करताना तिची स्थळं आली नि गेली, आणि ती तिच्या विशेष लक्षातही राहिली नाहीत. ते प्रश्न मात्र राहिले.

दहा दिवसांत दहा पाइप वर गेले. गणपती आले. घरच्या पाटावरची मूर्ती हर्षदनेच डोक्यावरून आणली, दीड दिवस राहिली नि गेली. कारखाना रिकामा झाला. फळ्यांवर नुसती पांढरी धूळ राहिली.

भाद्रपदातली संकष्टी पितृपंधरवड्यात आली. रोहिणी पहाटे उठली, न्हाली, देवपूजा केली. संध्याकाळची वाट न बघता तिने बॅटरी त्या दिवशी सकाळीच चार्जरला लावली आणि समोर बसून जप केला. एकशेआठचे सहा फेरे पुरे होईतो दिवा हिरवा झाला. तिने बॅटरी काढली, पण या वेळी फडक्यात गुंडाळली नाही. मशीनच्या मुठीखाली सरकवली, खट्ट आवाज होईपर्यंत. स्क्रूंची पुडी कमरेला खोचली.

ती निळी पेटी घेऊन बाहेर पडली तशा बायजाबाई ओट्यावरून उठून उभ्याच राहिल्या. पट्टी सुटली होती, पण मनगट अजून त्या जपूनच धरत.

“जितू आला का गो?” आवाजात इतकी आशा होती की रोहिणीला क्षणभर खोटं बोलावंसं वाटलं.

“नाय काकी.”

बायजाबाईंनी पेटीकडे पाहिलं. मग टेकडीकडे. मग इतके दिवस वर गेलेल्या काठ्यांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटला.

“अगो, पित्रपंधरवडा चाललाय. या दिवसांत नवीन काम हातात घेत नाय.”

“नवीन कुठं काकी? नऊ वर्षांचं जुनं हाय.”

“नि तुला जमंल?”

“घटस्थापनेला अजून बारा दिवस हायत. एका दिवसाला एक पाइप लागला तरी दोन दिवस उरतात.”

बायजाबाईंनी बोटांवर दिवस मोजून पाहिले. मग त्या म्हणाल्या, “उपास हाय तुझा. दुपारला केळी घेऊन येते. पायथ्याशी बसंन. हाक मार.”

रोहिणी पायथ्याशी पोचली. विजेचा शेवटचा खांब मागे पडला. पायऱ्यांवर कोवळं ऊन आणि शेवाळ. जितेशने रोवलेला पहिला खांब तिथेच उभा होता, तिने वैशाखात दिलेल्या रंगात. फक्त वरच्या टोकाला रंग टिकत नसे. नऊ वर्षं येता-जाता बायकांनी तिथेच हात टेकला होता, आणि तेवढं लोखंड घासून घासून मूर्तीच्या कपाळासारखं गुळगुळीत झालं होतं.

तिने पेटी डाव्या हातात घेतली, उजवा हात त्या गुळगुळीत जागेवर ठेवला, आणि पहिली पायरी चढली.